मिठाची बाटली म्हणजे मार्सेचं स्टेशन

मुलांनो, तुमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाकडे एकदा नीट बघा. आता असं समजा, की ते टेबल म्हणजे एक शहर आहे. मिठाची बाटली ठेवलीय ना, ते मोठं रेल्वे स्टेशन. एकाला एक लावून ठेवलेले चमचे म्हणजे रस्ता. मधाची बरणी म्हणजे जुनं बंदर. आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला एक पालथी बशी आहे. आपल्याला तिच्यापर्यंत पोचायचंय. दिसलं शहर? बशी मात्र उचलू नका. तिच्याखाली काय आहे ते मी सांगतो.

हे शहर फ्रान्समधलं मार्से, समुद्रकाठचं. आणि हे टेबल लंडनमधल्या स्टॅनमोरचं, दहा वर्षांच्या क्लोईच्या घरातलं. शाळेतून आली की तिचे आजोबा, जोशुआ चेऊलकर, तिला या शहरातून फिरवून आणत.

चेऊलकर म्हणजे मुंबईकडचे मराठी बोलणारे ज्यू. आजोबा लहान असताना आईवडिलांबरोबर बोटीने इंग्लंडला निघाले. बरोबर मिल्का होती, त्यांची चार वर्षांची बहीण. बोटीवर तिला ताप भरला. मार्सेला उतरल्यावर तिला इस्पितळात नेलं आणि ती तिथेच गेली. तिला तिथल्या कब्रस्तानात पुरून उरलेले तिघं रेल्वेने लंडनला आले. पुढे घरात मार्सेचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

बशीखाली होती मिल्काची कबर.

ज्यू माणसं कबरीवर फुलं वाहत नाहीत, लहानसा दगड ठेवतात. कोणीतरी येऊन गेलं, एवढंच तो दगड सांगतो. मिल्काकडे घरचं कोणी कधी गेलंच नव्हतं. कबर अजून आहे, हे आजोबांनी मार्सेला फोन करून विचारून घेतलं होतं. आपले पूर्वज जिथे उतरले असं ते सांगत, त्या अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावरून एक काळा गुळगुळीत खडाही आणून ठेवला होता. तो खडा मिल्कापाशी ठेवायचा, एवढं एकच काम त्यांचं आयुष्यात राहिलं होतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत ते, क्लोई आणि क्लोईची आई सॅली, म्हणजे त्यांची मुलगी, असे तिघं जाणार होते. पण नुसतं तिकीट काढून शहर कळत नाही, असं आजोबांचं मत होतं. म्हणून ही शिकवणी.

"लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर कुठली गाडी धरायची?" आजोबा विचारत.

"लिलची."

"पॅरिसची का नको? लिलपेक्षा पॅरिस केवढं मोठं."

"पॅरिसला स्टेशन चेंज करावा लागतो. लिलला सेम स्टेशनमध्ये दुसरी ट्रेन येते, ती डायरेक्ट मार्से."

"करावं लागतं."

"तेच मी म्हणाली."

शिकवण्याची त्यांची एक खास रीत होती. रोज ते रस्ता सांगताना मुद्दाम एकदा चुकायचे. क्लोईने ती चूक पकडायची, टेबलावर दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, "चूक, आजोबा." मग ते विचारायचे, "मग बरोबर काय?" ज्याला दुसऱ्याची चूक पकडता येते तो रस्ता चुकत नाही, असं ते म्हणत.

"स्टेशनाबाहेर आलो. समोर मोठा जिना. जिना उतरून सरळ चालत राहायचं. एक रुंद रस्ता आडवा येतो. तिथे वळायचं उजवीकडे."

टकटक. "चूक, आजोबा."

"मग बरोबर काय?"

"उजवीकडे बंदर आहे. तुम्हाला फिश खायचा आहे का?"

"मासे तर खायचेच. पण आधी?"

"आधी ट्राम. तो जमिनीच्या खाली उभा असतो, मग टनेलमधून वर येतो. चढल्यावर कार्ड लावायचा. आणि मग मिल्का आजी."

"चार वर्षांची आजी," आजोबा म्हणायचे, आणि दोघं थोडा वेळ बशीकडे बघत बसायचे.

उन्हाळ्यात आजोबा जास्त चुकू लागले. कधी दोनदा, कधी तीनदा. क्लोईला वाटलं, आपल्याला आता सगळं येतं म्हणून ते खेळ अवघड करताहेत. ती खूश होऊन टकटक करायची. एकदा त्यांनी स्टेशनाच्या जागी मधाची बरणी ठेवली आणि म्हणाले, "इथून आपली बोट सुटते." क्लोईने टेबल वाजवलं. "चूक, आजोबा."

"मग बरोबर काय" असं त्यांनी विचारलं नाही. ते बरणीकडे बघत राहिले. तुम्ही क्लोईच्या जागी असतात तर तुम्हाला कळलं असतं का? तिला नाही कळलं. तिने बरणी उचलून बंदराच्या जागी ठेवली आणि पुढचा रस्ता सांगितला.

सॅलीच्या मात्र लक्षात आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, विसराळूपणाचा आजार आहे, वाढत जाईल. म्हणूनच तिला लवकर जायचं होतं.

सुट्टी लागली त्या दिवशी सकाळी तिघं सेंट पँक्रसला गेले. पासपोर्ट दाखवण्याच्या रांगेत खूप गर्दी होती. आजोबांनी एका हाताने खडा घट्ट धरला होता, दुसऱ्याने क्लोईचा हात. लिलच्या गाडीची घोषणा झाली आणि ते थांबले. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागली.

"पप्पा, चला ना," सॅली म्हणाली.

"मिल्का कुठाय?"

"तिच्याकडेच तर जातोय आपण."

"ती इस्पितळात आहे. गाडी सुटेल. तिला आणा आधी." त्यांनी लोखंडी कठडा पकडला. "तिला टाकून मी गाडीत बसणार नाही."

क्लोईने टकटक करायला हात वर केला, पण तिथे टेबल नव्हतं. आजोबा रडत होते. तिने आजोबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. एका बाईने पाणी आणून दिलं, एकाने खुर्ची आणली. गाडी गेली. दुपारी तिघं भुयारी रेल्वेने स्टॅनमोरला परत आले. आता लांबचा प्रवास नकोच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तरी ती दुःखाचीच असती. पण त्यानंतरच्या सगळ्या सकाळी त्याहून कठीण होत्या. आजोबा रोज कोट घालून, बूट चढवून दाराशी उभे राहत. "आज जायचं ना मार्सेला?" उद्या जाऊ, म्हटलं की दुपारपर्यंत तिथेच उभे. जेवायलाही येत नसत.

एका शनिवारी संध्याकाळी सॅली क्लोईच्या खोलीत येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते.

"उद्या आपण त्यांना इथल्याच सिमेटरीत नेऊ या. सांगू या, हेच मार्से."

"पण मम, ते मार्से नाही आहे."

"मला माहीत आहे गं. त्यांना नाही कळणार. दगड ठेवतील, आणि शांत होतील. बघतेस ना तू, रोज कसे उभे राहतात? तू फक्त हो म्हण. ते तुझं ऐकतात."

क्लोई काही बोलली नाही. आईने ते हो समजलं.

रविवारी आभाळ भरलेलं होतं. मोटारीत आजोबा पुढे बसले, खडा मुठीत. कब्रस्तान घरापासून लांब नव्हतं. फाटकाच्या आत कडेची एक लहान कबर सॅलीने आधीच बघून ठेवली होती, शेवाळलेली, अक्षरं जवळजवळ पुसलेली. ती तिथे थांबली.

"आलो, पप्पा."

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. ओली हिरवळ, उघडी झाडं, पलीकडे रस्त्यावरची लाल बस.

"जिना उतरलो का आपण?"

"हो पप्पा. उतरलो ना, मघाशी."

"आणि ट्राम?"

"ट्रामने पण आलो. तुम्हाला जरा झोप लागली होती."

आजोबांनी मान हलवली. ते हळूहळू वाकले. खडा धरलेला हात कबरीच्या वर आला आणि थांबला. मग त्यांनी क्लोईकडे पाहिलं.

"हे बरोबर आहे ना गं, पोरी?"

सॅलीही क्लोईकडे बघत होती. तिचे ओठ हलले. हो म्हण.

क्लोईने कबरीकडे पाहिलं. शेवाळाखाली एक नाव होतं. ते मिल्का नव्हतं. दुसऱ्या कोणाचं तरी लहान मूल तिथे होतं. ती हो म्हणाली असती तर उद्या सकाळी आजोबा दाराशी उभे राहिले नसते, जेवायला बसले असते. आईलाही झोप लागली असती. पण खडा इथे राहिला असता, आणि मिल्काला तो कधीच मिळाला नसता. खडा एकच होता.

आजोबा वाकलेलेच होते.

क्लोई पुढे झाली. आजोबांच्या कोटाच्या मोठ्या बटणावर तिने बोटाने दोनदा हळूच टकटक केलं.

"चूक, आजोबा."

सॅलीने तोंड फिरवलं. आजोबांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "मग बरोबर काय?"

तिने त्यांच्या मुठीतून खडा काढून घेतला, स्वतःच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि चेन वरपर्यंत ओढली. "हा मी नेणार. मोठी झाली की. तुम्ही ऐका, मी चुकते का." त्यांचा रिकामा हात तिने हातात घेतला आणि फाटकाकडे चालता चालता सांगायला लागली, "सेंट पँक्रसहून लिल. लिलला सेम स्टेशन. मग मार्से. बाहेर आलं की मोठा जिना." आजोबांचं लक्ष मध्येच लाल बसकडे गेलं. ती थांबली, त्यांचा हात जरा ओढला आणि पुन्हा सेंट पँक्रसपासून सांगू लागली.