सहावा धडा दुःखाचा

पडदेवाल्या वहिनींनी कोरियन शिकायला घेतलं तेव्हा अख्खी गल्ली हसली. आयुष्यभर पडद्यांना चुण्या घालणाऱ्या बाईने या वयात परक्या अक्षरांशी झोंबी घ्यावी, हे कुणाच्या पचनी पडेना. पण वहिनींच्या एकुलत्या एका लेकाने कोरियाची मुलगी पसंत केली होती आणि त्या मुलीचे वडील नुकतेच गेले होते. विहीणबाई आपल्यासारख्याच एकट्या पडल्या. लग्नात भेटल्यावर निदान दुःखाचे दोन शब्द आपण आपल्या तोंडाने बोलावेत, लेकाला दुभाष्या म्हणून मध्ये उभं करू नये, एवढीच वहिनींची इच्छा. म्हणून बाजारहाट, हवापाणी, रस्ता विचारणे असले धडे त्यांनी कडू औषधासारखे गिळले. वाट होती ती सहाव्या धड्याची. सहावा धडा दुःखाचा होता.

आणि नेमक्या त्याच दिवशी, चष्म्याच्या दुकानावरच्या क्लासच्या खोलीत, वन्सं येऊन बसल्या.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्त फक्त शाळेतून, कारण समोरच्याच्या चुका काढण्याची नोकरी अजून चालूच होती. वहिनींचा नवरा पहाटे गेला, तेव्हा वहिनींनी वन्संना कळवलंच नाही. दुपारी कधीतरी शेजारणीने फोन केला. वन्सं पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. "माझ्या भावाचं तोंडही बघू दिलं नाहीस," त्या भरल्या घरात म्हणाल्या. "जिवंत होते तेव्हा किती वेळा बघायला आलात?" वहिनीही म्हणून बसल्या. शब्दाने शब्द वाढला, आणि मग दोन वर्षं शब्दच नाही.

लेकाने परवाच फोनवर ठणकावलं होतं, "आत्या लग्नाला येणार आहे. तुम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहणार असाल, तर मी तिकडच्या माणसांना काय सांगू?" लबाडाने आत्याला क्लासचा पत्ताही दिला होता, हे वहिनींच्या आत्ता लक्षात आलं. वन्संच्या हातात पुस्तकही होतं, मागचे पाचही धडे लाल पेनाने खुणा करून घरीच घोटलेले. उठून चालतं व्हावं असं त्यांना फार वाटलं. पण सहावा धडा बुडवायचा कसा?

शिकवणारी मुलगी वहिनींच्या लेकाच्या वयाची, हसतमुख. दुःख शिकवतानाही तिच्या गालाची खळी जात नव्हती. "सुल्फोयो म्हणजे मी दुःखी आहे. सोकसांगहेयो म्हणजे आत काहीतरी दुखावलंय, जीव जळतोय. आता जोड्या करा. एकाने विचारायचं, 'वे उरोयो?' का रडताय? दुसऱ्याने कारण सांगायचं. मराठीत जो बोलेल, तो फळा पुसेल."

वर्गात बाकी सगळी कॉलेजातली पोरं, कोरियन गाण्यांपायी वेडी झालेली. त्यांनी पटापट जोड्या जुळवल्या आणि मोबाइल हरवल्याचं दुःख खिदळत सांगू लागली. उरल्या दोघी.

वन्संनी पुस्तक नाकाशी धरलं आणि गृहपाठ का केला नाही असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "वे उरोयो?"

पुस्तकातलं उत्तर मांजर हरवल्याचं होतं. वहिनींनी ते वाचलं, कापडाचा भाव सांगावा तसं. "मांजर नाही. सुल्फोयो."

वन्संनी मान हलवली. अर्धाच गुण मिळाला, हे कळलं वहिनींना. "वे उरोयो?" पुन्हा तोच प्रश्न.

आता मात्र वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. एक सणसणीत टोमणा हाणावा म्हणून त्यांनी डोकं धुंडाळलं. मराठीत दहा तयार होते. कोरियनमध्ये टोमणा मारण्याजोगं काहीच शिकवलं नव्हतं. होतं ते एवढंच: सफरचंद, छत्री, स्टेशन, घर, नवरा, बहीण, काल, एकटी. मग वहिनींनी आहे त्या तुकड्यांतच शिवायला घेतलं.

"घरी नवरा," त्या कोरियनमध्ये चाचरत म्हणाल्या. "मी एकटी. बहिणीला सांगितलं नाही. सांगितलं…" जर-तरचा धडा अजून झाला नव्हता. "सांगितलं, खरं."

म्हणायचं होतं ते असं, की जोवर तुम्हाला फोन केला नाही तोवर ते नुसते झोपलेले होते. त्या घरात वन्संनी मान्य केल्याशिवाय कुठली गोष्ट पक्की होत नसे, आणि ही गोष्ट पक्की व्हायला वहिनींना नको होती. दोन वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगितलं आणि त्यांना रडू फुटलं.

वन्संनी घाईघाईने पुस्तकात उत्तर शोधलं. बाई नियमाच्या पक्क्या. छापलं होतं ते पूर्ण वाचलं. "रडू नका. चला, आइस्क्रीम खाऊ या." आइस्क्रीमपाशी त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि वहिनींचा हात घट्ट धरला. "सोकसांगहेयो," त्या म्हणाल्या. "मी पण. एकटी."

शिकवणारी मुलगी टाळ्या वाजवत आली. "बघा, याला म्हणतात अभिनय!"

जिना उतरताना वहिनी पायरीपायरीवर रेंगाळल्या. खाली रस्त्यावर मराठी सुरू होणार होती, आणि मराठीत टोमणे मारण्यात दोघींचाही हात धरणारं कुणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानापुढे वन्सं थांबल्या, डोळे पुसले, घसा खाकरला.

"अगं, विहीणबाईंना भेटशील तेव्हा मी शेजारी उभी राहीन. तुझा उच्चार भिकार आहे."

"आणि तुमचा काय मोठा! प्रश्नपत्रिका वाचल्यासारखं रडता तुम्ही."

वन्सं हसल्या. वहिनींनी ते हसू दोन वर्षांनी पाहिलं; अगदी नवऱ्याचं हसू होतं, डाव्या गालावर जास्त. त्यांना पुन्हा भरून आलं. दोघी आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळल्या, पुस्तकात लिहिलं होतं तसंच.

"पुढच्या आठवड्यात कोणता धडा आहे?" वन्संनी विचारलं.

"रागाचा."

"चुकवू नकोस हं."

"चुकवीन कशी, वन्सं? दोन वर्षं तयारी करतेय."