सासऱ्याच्या नावाचं टॅपेट कव्हर

कर्टिसचा हात इंजिनात अडकला तेव्हा परीक्षक तीन गाड्या पलीकडे होते आणि सासरा पेरोगीच्या, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत होता. या दोन्ही गोष्टी आपल्या पथ्यावर पडल्या असं कर्टिसला वाटलं. हात ओढायचा, पुसायचा, उघड्या बॉनेटशेजारी उभं राहून हसायचं. त्याने ओढला. हात आला नाही. त्याने हसून पाहिलं. ते मात्र जमलं.

चर्चच्या आवारातलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन दर ऑगस्टमध्ये भरे, आणि परीक्षक इंजिन चालू करून दाखवायला सांगत. कर्टिसचं इंजिन तेल प्यायचं, चालू करण्याआधी दर वेळी ते टाकावं लागे. ते मुळात एका ट्रकचं होतं आणि कर्टिसने ते एका लहानशा, दोन दारांच्या कूप गाडीत बसवलं होतं, म्हणजे कोंबलं होतं. त्याची मागची बाजू काचेखालच्या पत्र्याच्या पोटात शिरली होती. आणि तेल टाकायचं भोक नेमकं मागे होतं.

याला कारण सासरा. एमिल ह्राबोव्स्कीने ओतशाळेतून निवृत्त होताना शेवटच्या भट्टीत ॲल्युमिनियमची दोन टॅपेट कव्हरं, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंवरची झाकणं, ओतली आणि लग्नाच्या दिवशी जावयाच्या हातात ठेवली. इतरांनी टोस्टर दिले होते. कव्हरांवर उठावाच्या अक्षरात आडनाव होतं, ह्राबोव्स्की, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ड्रायव्हरच्या बाजूच्या कव्हरावर नाव संपल्यावर, पूर्णविराम द्यावा तसं, एमिलने तेलाचं भोक ठेवलं होतं. कव्हर बसवल्यावर पूर्णविराम पत्र्याखाली गेला.

उपाय कुणालाही दिसण्यासारखा होता. कव्हर टोकं उलटी करून बसवायचं, भोक पुढे येतं. चारही बोल्ट जसेच्या तसे बसतात. फक्त गाडीच्या त्या बाजूने पाहणाऱ्याला नाव उलटं, डोक्यावर उभं दिसतं. कर्टिसने हे एकदा जेवणाच्या टेबलावर सुचवलं होतं. एमिलने काटा खाली ठेवला होता आणि गुरुवारपर्यंत उचलला नव्हता.

तेव्हापासून कर्टिस बागेच्या नळीचा तुकडा वाकवून, चाचपडत, आंधळ्यासारखं तेल टाकायचा. आज नळी निसटली. ती पकडायला त्याने कव्हर आणि पत्र्याच्या मधल्या फटीत हात घातला. हात तेलाने माखलेला असल्यामुळे सुळकन गेला, आणि बाहेर येताना अंगठ्याच्या बुडाशी अडला.

लोरेन, त्याची बायको, फोन घेऊन आली. "हात काढ ना तिथून, फोटो काढायचाय."

"असाच काढ."

"बाबांचं नाव झाकलं जातंय."

कर्टिसने कोपर सरकवलं. लोरेनने फोटो काढला, फोन खाली केला आणि मग नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला. ती बाबांना बोलवायला धावली. नको म्हणायला कर्टिसने हात वर केला, पण तो मोकळा हात होता आणि लोकांना वाटलं, तो ओळख देतोय. दोघांनी परत हात हलवला.

एमिल पेरोगीची ताटली घेऊन आला. त्याने आधी कव्हरावर ओरखडा पडलाय का ते पाहिलं, मग जावयाकडे. कव्हर खोलावं लागेल, असं लोरेन म्हणाली. इथे काही खोलायचं नाही, असं एमिल म्हणाला. परीक्षकांसमोर कव्हर उघडलं की आतलं इंजिन दिसतं, आणि आतून सगळ्यांची इंजिनं सारखीच असतात. शिवाय पुढचे दोन बोल्ट पोरगंही सोडवेल, पण मागचे दोन पत्र्याखाली आहेत. त्यांना लागणारा वाकडा पाना घरी, गॅरेजमध्ये आहे. त्या गॅरेजच्या माडीवर कर्टिस आणि लोरेन राहत होते. पत्रपेटीवर ह्राबोव्स्की होतं. ज्या दुकानात कर्टिस कामाला जायचा त्याच्या पाटीवरही तेच. गावातले म्हातारे त्याला धाकटा ह्राबोव्स्की म्हणत, आणि तो वळून पाहायचा. आधी वळायचा नाही. कधीपासून वळायला लागला, हे त्याला आठवत नव्हतं.

गाडी तेवढी त्याची होती. निदान कव्हरांच्या खालची.

चर्चच्या बायका मदतीला आल्या. एकीने भांडी घासायचा साबण ओतला, दुसरीने पेरोगीवरचं लोणी. हात जास्त आत गेला. फादर जोनास म्हणाले, घाई करू नका, थोडं उपाशी राहिलं की माणूस बारीक होतो. तोवर तिसरीने कर्टिसला काट्याने भरवायला सुरुवात केली होती. बटाट्याची पेरोगी होती, वर परतलेला कांदा. चांगली होती, हे त्याला नाकारता आलं नाही.

आणि याच वेळी, पाचवा घास तोंडात असताना, कर्टिसच्या आतल्या हाताच्या बोटांना काहीतरी लागलं. धातूचे दोन छोटे पंख. त्याने चिमटीत धरून पाहिलं. मागचा बोल्ट. दिसायला शोभिवंत म्हणून एमिलनेच पंखांचे बोल्ट बसवले होते, आणि ज्या जागी त्या वाकड्या पान्याशिवाय काही पोचत नव्हतं तिथे अडकलेला हात आरामात पोचत होता. करंगळी ताणली तर दुसराही लागत होता.

म्हणजे तो केव्हाही सुटू शकत होता.

कर्टिसने घास गिळला आणि बोल्ट सोडला. फिरवला नाही, नुसता सोडून दिला. सासरा समोर घडीच्या खुर्चीवर बसला होता, नावाच्या बरोबर समोर, आणि लोणी पुसायला स्वतःचा रुमाल देत होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

परीक्षक ग्लेन ऑडली आले. मालक स्वतः इंजिनात काम करतोय हे पाहून त्यांना बरं वाटलं. त्यांनी रंगाची चौकशी केली, कर्टिसने माहिती दिली. त्यांनी विचारलं, डाव्या हाताने काय चाललंय? कर्टिस म्हणाला, तेल बघतोय. ऑडली म्हणाले, वा, हल्ली कोण एवढा वेळ देतं. मग त्यांनी कव्हराकडे बोट दाखवलं.

"हे सुंदर आहे. आणि ह्राबोव्स्की म्हणजे तुम्हीच ना?"

कर्टिसने सासऱ्याकडे पाहिलं. एमिल खुर्चीत किंचित पुढे झुकला होता. अगदी किंचित. रुमाल हातात तसाच.

"नाही," कर्टिस म्हणाला. "मी पेल. कर्टिस पेल. ते ह्राबोव्स्की."

आणि त्याने पंख चिमटीत धरून बोल्ट फिरवला.

बोल्ट सहज फिरला, हीच त्यातली लाज आणणारी गोष्ट होती. एक सुटला. करंगळीने दुसरा. पुढचे दोन मोकळ्या हाताने. मग कव्हर पुढे सरकलं, आणि हात बाहेर आला, लाल, सुजलेला, लोण्याने चमकणारा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन आतून उघडं पडलं. ते इतर सगळ्या इंजिनांसारखंच होतं.

कर्टिसने कव्हर पुसलं. मग ते सगळ्यांसमोर टोकं उलटी करून बसवलं. मागचे दोन बोल्ट लावायला सुजलेला हात आता आत जात नव्हता, पुढच्या दोनावरच धरलं होतं, पण भोक पुढे, उन्हात, हाताशी आलं. त्याने डब्याचं तोंड भोकाला लावलं आणि तेल ओतलं. नळी नाही, चाचपडणं नाही, बाहेर थेंब नाही. ओतताना त्याने एकदाही सासऱ्याकडे पाहिलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि नजर हलली तर तेल सांडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पाहिलं तेव्हा खुर्ची जागेवर नव्हती. एमिल ती घडी करून गाडीच्या पलीकडच्या बाजूला घेऊन चालला होता. तिथे त्याने ती उघडली, बसला, आणि कार्ब्युरेटरवरून मान लांबवून पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला. लोरेन कर्टिसचा दंड धरून उभी होती.

"इथून दोन्ही नावं सुलट दिसतात," एमिल म्हणाला.

कर्टिस पलीकडे गेला. खरंच दिसत होती.

एमिलने सांगून टाकलं की हिवाळ्यात तो मित्राच्या भट्टीत नवीन जोडी ओतेल. भोक पुढे ठेवेल, चूक त्याचीच होती. अक्षरं मात्र थोडी मोठी घेईल, लांबून वाचता यायला हवीत.

कर्टिसला पुन्हा अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी आवळल्यासारखं झालं. त्याने हात पाहिला. हात मोकळाच होता.

"बिननावाचं ओता, बाबा."

"बिननावाचं म्हणजे नुसता डबा."

"हो. माझा डबा."

एमिलने रुमालाची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. परीक्षक इंजिन चालू करा म्हणून थांबले होते. लोरेनने दंड सोडला नव्हता.

"ॲल्युमिनियम कमी लागेल," एमिल शेवटी म्हणाला, आणि आपल्या थंड झालेल्या पेरोगीकडे वळला.