नाशिकची सावड

माझी आई नवसाबाई आमच्या पेठकडच्या पाड्याची पुढारीण वगैरे कधीच नव्हती. पण सत्त्याण्णव साली सगळ्यांनी तिलाच पुढे केलं, कारण ती कुणाच्या बापाला भीत नसे.

आदल्या पावसाळ्यात अख्ख्या पाड्याने एकाच कंपनीचं भाताचं बियाणं पेरलं होतं. लोंब्या आल्या, दाणा भरलाच नाही. नाशिकचे वकीलसाहेब म्हणाले, ग्राहक मंचाने परवानगी दिली तर एकीच्या नावावर सगळ्यांची तक्रार चालते. खर्च करायला त्यांच्या ओळखीचा एक गृहस्थ तयार होता. बदल्यात भरपाईतला अर्धा वाटा त्याचा.

"आयत्या बिळावर नागोबा!" आई म्हणाली. "नको. आपण सावडीनं चालवू."

सावड म्हणजे आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. आई तारखेला जाईल त्या दिवशी तिचं काम बाकीचे करतील, एवढंच. वकीलसाहेबांना हसू आलं. "मग मलाही सावडीत धरा," म्हणत त्यांनी फी सोडली.

परवानगीची तारीख नेमकी आवणीत, भातलावणीच्या ऐन घाईत आली. मी आईबरोबर नाशिकला गेले होते. कंपनीच्या वकिलाला कुठूनतरी आमच्या सावडीची कुणकुण लागली होती.

"बाई, आज तुमच्या शेतात कोण राबतंय?"

"सगळा पाडा."

तो मंचाच्या अध्यक्षांकडे वळला. "बघा साहेब! ही बाई मोबदला घेऊन तक्रार चालवते. हिला सगळ्यांच्या वतीने बोलायची परवानगी देऊ नये."

परवानगी मिळाली नसती तर एकेकट्या घराने कंपनीशी काय लढावं?

अध्यक्षांनी विचारलं, "खरं आहे का?"

"मजुरी नाय साहेब, सावड हाय," आई म्हणाली. "ते माझ्या वावरात हायेत, मी त्यांच्या. आज त्यांचं वावर इथं हाय, म्हणून इथं उभी हाय."

अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि परवानगी लिहायला सांगितली. मला तर तिथेच ओरडावंसं वाटलं, ही माझी आई आहे म्हणून!

भरपाई पुढे दोन वर्षांनी आली. सगळ्या घरांना, आणि अर्धी नव्हे, पुरी.

परवानगी मिळाली त्या संध्याकाळी आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा आमचं वावर लावून झालं होतं. सावडीतली अंबूबाई बांधावर पायाचा चिखल धूत होती.

"तुझी आवणी झाली गं," ती म्हणाली.

आईने पदर खोचला. "तुमची पण झाली, नाशकात."