हेकट समतोल

१९८८ साली मी बारावीला केमिस्ट्रीत आपटले. बाबांनी ऑक्टोबरची एक संधी दिली, पण पास झाले तरी शिक्षण तिथेच थांबणार, हेही सांगून टाकलं. आम्ही खरवईचे शेतकरी, घरात मी थोरली, आणि बाबांपुढे कुणाचं काही चालत नसे. मला मात्र बी.एस्सी. करायचं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये गुरुदत्त सर एका सिंधी कापडवाल्याच्या माडीवर क्लास घ्यायचे. रासायनिक समतोल बिघडवला की तो कुठल्या बाजूला सरकेल, हे मला काही केल्या सांगता येईना. एकदा सरांनी विचारलं, घरात सगळ्यात हेकट कोण? मी म्हटलं, बाबा.

"मग झालं तर. समतोलही हेकट असतो, वेणू. तू तापवलंस की तो उष्णता गिळायच्या बाजूला जातो, गार केलंस की उष्णता सोडायच्या."

त्यांनी कोबाल्टचं निळं द्रावण बर्फात धरलं. उष्णता गिळून गुलाबीचं निळं होतं, एवढं सांगून आता काय होईल ते मलाच विचारलं. मी भीतभीत गुलाबी म्हटलं. थोड्या वेळाने खरंच गुलाबी झालं. त्यानंतर त्या धड्यावर माझं उत्तर चुकलं नाही. सरांचे हे उपकार मी विसरणार नाही.

ऑक्टोबरची परीक्षा पास झाले आणि मला नसतं शहाणपण सुचलं. बाबा हेकट, तर त्यांना उलटं ढकलावं. जेवताना मी जाहीर केलं की मला पुढे शिकायचंच नाही. आता ते चिडून 'का शिकायचं नाही?' असं विचारतील आणि मला कॉलेजात पाठवतील, असा माझा अंदाज.

बाबांनी शांतपणे मान डोलावली आणि भाकरी मोडली.

माझा डाव फसला. रडत रडत मी खरं काय ते सांगून टाकलं. बाबा उठले, हात धुऊन आले आणि सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कॉलेजचा फॉर्म होता. त्याच सकाळी ते कॅम्प एकला जाऊन सरांना भेटून आले होते, आणि सरांचं ऐकून फॉर्मही घेऊन आले होते. मी बाबांचे पाय धरले.

"तुज्या सरांनी सगला सांगला मना," बाबा म्हणाले. "माज्यावर धडा शिकवला म्हनं तुला. मंग आता सांग, मी पास झालो का नापास?"