पिवळ्या फितीचं पाप

शेततळ्याच्या बांधावर बघ्यांच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा नव्हती. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या गावात तिलापिया माशांवर रोग पडला होता. डोळे बटबटीत होऊन मासे गरगर फिरायचे आणि उलटे व्हायचे. गावात मुक्कामाला आलेले जलनाथ महाराज मात्र पाणी नुसतं हुंगून सांगत, कुठलं तळं जगणार नि कुठलं मरणार. आणि ते खरं ठरत होतं! जिथं महाराज अंगारा टाकत, तिथला मासा टिकत होता. जिथं नाक मुरडत, तिथं आठवड्यात मेलेल्या माशांचा खच पडत होता. नाकाचा हा उपयोग डॉक्टरांना अजून कळलेला नाही.

चिमणाबाईच्या तळ्यापाशी त्यांनी नाक मुरडलं. "हिनं नवरा खाल्ला, आता मासं खाणार," असं सर्वांदेखत म्हणाले, आणि तिचं तळं खरंच मेलं. तेव्हापासून त्या विधवा बाईला कुणी दारात उभं करेना. सख्खा दीर बाळासो तर तिची सावली पडली की बांधावर गोमूत्र शिंपडायचा. मासे गेल्याचं दुःख तिनं पचवलं असतं. पण आपण खरंच पापी असू असं तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं, आणि ते फार वाईट होतं.

माशांची डॉक्टर हाफिजा मेलेले मासे तपासायला आली, तेव्हा चिमणाबाईनं तिला विचारलं, पापबी तपासता येतं का. हाफिजा तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गावात तिचा प्रयोग चालू होता. निम्म्या तळ्यांना लसीचं खाद्य, निम्म्यांना साधं, दिसायला दोन्ही सारखंच. माशाच्या जठरात लस नासू नये म्हणून ती बारीक कणांत गुंडाळलेली असते. आतड्यात पोचल्यावर कण विरघळतो नि लस सुटते. कुणाच्या तळ्याला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं आणि मालकांनाही सांगितलं नव्हतं. लसीच्या तळ्यावर हिरवी फीत, साध्यावर पिवळी. फितींचा अर्थ खाद्य आणणाऱ्या टेम्पोवाल्या अमरसिंहाला ठाऊक होता. तोच आता महाराजांच्या शेजारी बसून आरती म्हणत होता.

"म्हंजी माझं मासं चिठ्ठीनं मेलं?"

"व्हय मावशी. त्याचा दोष असला तर माझा. तुमचा न्हाय."

बाळासोची दोन तळी अजून हुंगायची राहिली होती, एक हिरव्या फितीचं, एक पिवळ्या. महाराज पाणी हुंगतात की फीत बघतात ते कळावं म्हणून, गाव दुपारचं जेवायला बसलं असताना दोघींनी त्या फितींची अदलाबदल केली. लस कधीच पोटात गेली होती, त्यामुळे माशांचं त्यात काही बिघडणार नव्हतं.

महाराज आले. लस घेतलेल्या तळ्यावरची पिवळी फीत बघून त्यांनी डोळे फिरवले. सात पिढ्यांचं पाप मुरलंय, म्हणाले, हे पाणी आठ दिवसांत शेजारचं तळंबी गिळणार. आता हिरवी फीत मिरवणाऱ्या शेजारच्या तळ्यात त्यांनी मूठभर अंगारा टाकला.

सात दिवसांत पापी तळ्यातला एकही मासा मेला नाही. तरी शेजारचं तळं वाचवायला सातव्या दिवशी बाळासोनं त्यातलं पाणी उपसायला पंप लावला. हाफिजा त्या दिवशी गावात नव्हती. चिमणाबाई एकटीच धावत गेली, पंप अडवून उभी राहिली. फिती, लस, चिठ्ठ्या, सगळं ओरडून सांगितलं. लोक हसले. पापिणीचं कोण ऐकतो? बाळासोनं तिला ढकलून दिलं. संध्याकाळी तळ्याचा चिखल झाला, आणि त्यात धडधाकट मासे तोंडं वासून तडफडून मेले.

दोन दिवसांनी अंगाऱ्याच्या तळ्यातही मेलेले मासे तरंगू लागले. हाफिजानं चिठ्ठ्यांची यादी सगळ्या गावासमोर वाचली. पोलिसांचं नाव काढताच अमरसिंह पोपटासारखा बोलला, फितींचा अर्थ महाराजांना त्यानंच सांगितला होता. महाराज आपलं नाक घेऊन सकाळच्याच एस.टी.नं चंदगडकडे गेले होते.

बाळासो चिखलात गुडघाभर उभा होता.

"वैनी, तुमी सांगत हुता."

"माफी नगं मागूस," चिमणाबाई म्हणाली. "फुडं कुणी कुणाला पापी म्हणला, तर त्याला एवढंच इचार की, तुला कसं कळलं?"