दोन महिने कमी

"नाव घालू नका, साहेब," टाइपरायटरवरचे हात उचलत मी म्हटलं. "प्रश्न मोघमच बरा."

ऑर्डमनसाहेबांनी मान डोलावली. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या संसदेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. अकरा वर्षं सरकारी बाकांची टिंगल सोसत ते एकच काम करत आले होते : प्रश्न विचारायचे. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. मी त्यांच्या घरीच बसून काम करणारी टायपिस्ट. माझ्यासारख्या मिश्रवर्णीयांची नावं मतदारयादीतून केव्हाच उडवलेली, तेव्हा साहेबांना मत द्यायची चैन मला कुठली?

या वेळचा प्रश्न काळ्यांच्या कायद्याचा होता. एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं नोकरी झाली, तर केप टाउनात राहायचा हक्क. साहेबांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या नोझिझ्वेला नऊ वर्षं दहा महिने झाले होते.

"अजून दोन महिने," ती मला म्हणायची, "मग मला हलवून दाखवा म्हणावं!"

सभागृहात साहेबांनी विचारलं, दहा वर्षं भरायच्या आत किती बायकांना शहराबाहेर काढलं? मंत्री हसून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी अशी एक तरी बाई पाहिली आहे, की सगळ्या कागदावरच्याच?"

बाकं हसली. अकरा वर्षं असली हसणी गिळणारा माणूस त्या दिवशी पेटला.

"माझ्याच स्वयंपाकघरात आहे," साहेब म्हणाले. "नोझिझ्वे गाबा!"

छापील इतिवृत्तात ते नाव मी वाचलं; आता ते सरकारी कचेरीतही वाचलं जाणार होतं.

पंधरा दिवसांनी लेखी उत्तर आलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी गाबा आईला माती द्यायला गावी गेली आणि ठरल्यापेक्षा चाळीस दिवस उशिरा परतली. नोकरी तिथे तुटली. दहा वर्षं नव्याने मोजायची. बहात्तर तासांत शहर सोडावं. तोवर तिची फाइल उघडायची कुणाला गरज पडली नव्हती.

साहेबांनी वकील गाठले, मंत्र्याला फोन केले. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. दाराशी नोझिझ्वेची पत्र्याची पेटी होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी राजीनामा देतो."

"आणि शुक्रवारी तुमच्या ओसरीवर गाऱ्हाणी घेऊन माणसं येतात, त्यांनी कुणाच्या दारात जायचं?" मक्याची लापशी घोटत ती म्हणाली. "मला जा म्हणाले, मी चालले. तुम्हाला जाताही यायचं नाही, साहेब. बसा, गार होतेय."

साहेब बसले आणि सगळी लापशी खाल्ली. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव.

पुढच्या अधिवेशनात त्यांनी पुन्हा विचारलं : गेल्या तीन महिन्यांत शहरातून किती बायकांना काढलं? या वेळी कुणी हसलं नाही. उत्तर छापून आलं : एक हजार दोनशे सत्तावीस.

साहेबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"यात ती कितवी असेल?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत त्यांचा हा एकच प्रश्न मी टाइप केला नाही.