कोनाड्यातलं लिंबोळीचं तेल

शेवंताला मी गुळाच्या तराजूत तोललं, ही गोष्ट आमच्या गल्लीत पुष्कळ दिवस हसत सांगितली जायची. कशासाठी तोललं ते मात्र आम्हा तिघी बायकांनाच ठाऊक आहे, आणि आण्णा वैद्यांना.

ती तेव्हा अडीच महिन्यांची होती. तिच्या आधीचा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन पोटाच्या दुखण्यानं गेला होता. एका सकाळी पाय पोटाशी घ्यायला लागला आणि तिसऱ्या दिवशी काहीच करेनासा झाला. तेव्हापासून माझी झोप नावापुरतीच उरली होती. शेवंता झाल्यावर तर तीही गेली. ती निजली की मी तिच्या पोटावर हात ठेवून बसायची, श्वास चालला आहे ना ते बघत. जागी झाली की का जागी झाली, ते बघत. डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं वाटायचं, आणि आंघोळीला बसलं तर तिथंच भिंतीला टेकून राहावंसं वाटायचं.

लग्नाआधी मी राजाराम कॉलेजात प्रीव्हियसपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षापर्यंत, शिकले होते. त्या शिक्षणातलं एवढंच हाताशी राहिलं होतं की दिसेल ते टिपून ठेवायचं. शेवंताची एक वही होती. कधी प्याली, किती वेळ प्याली, शी पिवळी की हिरवी, सगळं त्यात. माझे यजमान हंबीरराव राधानगरीला महाराजांच्या धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. त्यांनी जुनं घड्याळ माझ्यापाशी ठेवलं होतं. ते उशाशी आणि वही पदराखाली, असा माझा संसार.

घरात सासूबाई होत्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून मीही आक्काच म्हणायची. आणि रोज सकाळ-दुपार खैरुनबी यायची. ती सुईण. हंबीरराव तिच्याच हातावर जन्मले, आणि माझी दोन्ही मुलंही.

आमच्या परसात लिंब होता, कडुलिंब. बाळंतपणापासून तो झाडावर कमी आणि घरात जास्त होता. बाजेखाली त्याचा डहाळा, दाराला डहाळा. आंघोळीच्या पाण्यात पाला उकळून ते हिरवट पाणी शेवंताच्या अंगावर. घामोळ्यांना वाटलेला पाला. शेगडीत पाला आणि ओवा टाकून धुरी. मला बारीक ताप यायचा तेव्हा आतल्या सालीचा काढा, तो तर गिळेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. आणि कोनाड्यात लिंबोळीच्या तेलाची बाटली. लिंबोळ्या वाळवून, फोडून, घाण्यावर बसून खैरुनबी ते स्वतः काढून आणायची. काळपट तेल. वास असा, की लसूण जाळून त्यात काहीतरी कुजवलं असावं. बाळाच्या डोक्यातल्या खवड्यांना लावायचं म्हणून ते आणलेलं.

चैत्राच्या सुरुवातीला शेवंता पाय पोटाशी घ्यायला लागली.

  त्या दिवशी आमच्या दोघींच्याही हातून भाकरी करपली.

खैरुनबीनं पोट दाबून पाहिलं. "वारा धरलाय. जंत बी असतील."

"एवढ्याशा बाळाला जंत?" मी विचारलं.

"मग काय, जंताला मुंज व्हायला लागती व्हय?"

मी हसले नाही. माझ्या माहेराहून आलेलं एक घरगुती औषधांचं पुस्तक होतं, पानं सुटलेलं. त्यात जंतांवर लिंबोळीचं तेल दिलं होतं: मोठ्या माणसास एक तोळा, गुण न आल्यास दुप्पट. लहान मुलांचं काही लिहिलेलं नव्हतं. पण गणित मला येत होतं. मोठं माणूस दीड मण, म्हणजे साठ शेर, धरलं आणि बाळाचं वजन कळलं, की त्रैराशिक मांडायचं. म्हणून मी कोठीतला गुळाचा मोठा तराजू काढला, एका पारड्यात दुपटं घालून शेवंताला ठेवलं, दुसऱ्यात शेर ठेवत गेले.

खैरुनबी दारातच थांबली. "अगं सगुणा, प्वार हाय का ढेप? काय दर लावलाय?"

"वाढते की नाही ते बघते," मी म्हणाले.

पाच शेर भरली. उत्तर चोख आलं, तोळ्याचा बारावा भाग. एक मासा. उत्तर इतकं नीट आल्यावर ते चुकीचं असेल असं मनातही आलं नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. आक्कांना पुस्तकाचा राग होता. पहिल्या मुलाच्या वेळी मी पुस्तकात बघून त्यांची बाळगुटी बंद केली होती, आणि तो गेला. त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण एकदा चुलीपाशी "कॉलेजात जाऊन आल्यात" एवढंच पुटपुटल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. तेव्हा पहाटे, आक्का पाणी आणायला गेल्या की, बोंडल्यात अंगावरचं दूध काढून त्यात मी मासाभर तेल घालायची आणि शेवंताला पाजायची. ती तोंड वेडंवाकडं करायची. दोन दिवस दिलं. पाय काही सरळ झाले नाहीत. तिसऱ्या पहाटे मी दोन मासे घातलं.

त्या दिवसाचं वहीत असं आहे. आठ वाजता मालिश आणि आंघोळ. साडेआठला खैरुनबीनं जिभेला तेलाचं बोट लावलं. दहा वाजता, मी माडीवर धुणं वाळत घालताना, आक्कांनी कोनाड्यातली बाटली काढून काहीतरी पाजलं. हे मी खिडकीतून पाहिलं. खाली आले नाही. वहीत लिहिलं. खोटं कशाला बोलू, आक्कांना पकडलं याचं मला बरं वाटलं होतं. पुढे कधी बोलणं निघालं तर दाखवायला होईल, असा विचार.

पहाटेची ओळ वहीत नव्हती.

बारा वाजता तिनं सगळं दूध ओकलं. पुन्हा लावलं तर ओढेना. मला वाटलं झोप आली असेल. मग श्वास बघितला. घड्याळ धरलं आणि मोजता मोजता माझीच मोजणी चुकायला लागली, इतका तो भराभर चालला होता. तिच्या डाव्या हाताची मूठ आपोआप झटकली. थांबली. पुन्हा झटकली.

"आक्का!" मी ओरडले.

आक्का आल्या, एकदा बघितलं, आणि डोक्यावर पदर घेऊन तशाच अनवाणी बाहेर पडल्या. लग्न होऊन आल्यापासून भर दुपारच्या त्या एकट्या घराबाहेर पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. आण्णा वैद्य दोन घरं सोडून राहायचे. त्यांना जेवणावरून उठवून आणलं त्यांनी, बोटांना भात होता. त्यांच्या मागोमाग खैरुनबी आली, तिची दुपारच्या धुरीची वेळच ती.

आण्णांनी पापणी उघडून बघितली, नखं बघितली. मग खाली वाकून शेवंताच्या तोंडाचा वास घेतला.

"लिंबोळीचं तेल कुणी पाजलं हिला?"

आण्णांनी आम्हा तिघींकडे पाळीपाळीनं बघितलं.

"अरं, तोंडाला घाण्याचा वास मारतोय. मला शिकवू नका. कुणी पाजलं?"

"म्या," आक्का म्हणाल्या. "दोन-चार थेंब. ह्या खैरुनचं बोट म्हंजी नुसतं दाखवायला. म्हटलं, थोडं जास्त जाऊ दे पोटात."

"माझं बोट दाखवायला?" खैरुनबी उसळली. "पन्नास वर्सं बाळंतपणं करतीया मी. जिभंला बोट, बस्स. तुला कुणी सांगितलंतं थेंब घालाय?"

"भांडू नका," आण्णा म्हणाले. "हा काय दोन-चार थेंबांचा वास न्हाय. आणिक कुणी?"

माझ्या हातात वही होती. आण्णांना वाटलं मी त्यात बघून सांगतेय. "वाच की पोरी," ते म्हणाले.

मी वाचलं. साडेआठ, खैरुनबी, बोट. दहा, आक्का. आक्कांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. मी खिडकीतून बघत होते आणि लिहीत होते, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. आणि राग नव्हता म्हणूनच मला मान वर करवेना.

"आणि?" आण्णा म्हणाले.

शेवंताची मूठ झटकली.

"पहाटे मी दिलं," मी म्हणाले. "दोन मासे. काल आणि परवा एकेक मासा."



"मासा?" आण्णांनी विचारलं. "वजनानं?"

"पुस्तकात मोठ्या माणसाचं होतं. मी तिच्या वजनावरून काढलं."

"म्हणून तोललंस व्हय तिला," खैरुनबी हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "कॉलेजात ह्येच शिकिवलं तुला? उलीसं बाळ म्हंजी मोठ्या माणसाचा तुकडा असतो?"

"गप, खैरुन." आक्का म्हणाल्या. "मी कुठं कॉलेजात गेलते? म्या बी दिलंच की."

आण्णांनी उपरण्यानं हात पुसले. पाला कातडीला, साल तापाला, त्याला ते कधी नको म्हणाले नव्हते. "पर ह्या तेलानं मी पिराजीच्या बैलाचा खांदा बरा केला. उवा मारतो, खरूज मारतो. तान्ह्याच्या पोटात एक थेंब बी न्हाय घालायचा. खैरुनबी, बोट सुदीक न्हाय."

"आमच्या आईपास्नं..." खैरुनबीनं सुरुवात केली आणि थांबली.

"आता औषध काय?" मी विचारलं.

"काय न्हाय. खडीसाखरंचं पाणी, चमच्यानं, थेंब थेंब. ऊब. निजू द्यायची न्हाय लई. दुसरं कुणी, कायबी, द्यायचं न्हाय."

"जगंल का?" हे आक्कांनी विचारलं.

"दिवस मावळायच्या आत वरडून दूध मागितलं तर म्हणीन, जगली." आण्णा खोटा धीर देणारे नव्हते. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसून राहिले. अर्धं जेवण घरी तसंच टाकून आलेला म्हातारा माणूस.

त्या दुपारी दमले तितकं कधी दमल्याचं मला आठवत नाही, आणि काम तर काहीच नव्हतं. आम्ही तिघी काहीतरी करणाऱ्या बायका. वाटणाऱ्या, उगाळणाऱ्या, धुरी देणाऱ्या. तिथं नुसतं बसायचं होतं. दोनदा खैरुनबीचा हात ओव्याच्या डबीकडे गेला आणि परत आला. आक्का देवापाशी अंगाऱ्याची चिमूट घेऊन उभ्या राहिल्या, मग आण्णांकडे बघून ती परत ठेवून आल्या. मी चमचा धरला होता. एक थेंब ओठावर. गिळला का बघायचं. मग दुसरा. हात भरून आला की आक्का न बोलता चमचा घ्यायच्या. खैरुनबी शेवंताच्या तळपायाला बोटानं टिचक्या मारून तिला जागं ठेवायची. "उठ गं सटवे, उठ. एवढी कशापायी झोपतीस?"

लिंबाचा मोहर खिडकीतून आत येऊन बाजेवर पडत होता. मी तो झटकत नव्हते.

चारच्या सुमाराला मूठ झटकायची थांबली. हे बरं की वाईट, मला कळेना. आण्णा म्हणाले, "बघू."

"बाटली निम्मी झालीती," आक्का एकदम म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "म्या बघितलंतं. मला वाटलं, उवांसाठी डोक्याला लावतीस आन लाजतीस सांगाय."

"मला वाटलं तुम्ही दिव्यात घालता," मी म्हणाले.

"आन मला वाटलं बूच गळतंय," खैरुनबी म्हणाली.

 आक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. पहिल्या मुलाच्या वेळी त्यांनी तसा हात ठेवला नव्हता. मीही ठेवू दिला नसता.

ऊन परसातल्या भिंतीवर चढून गेलं तेव्हा शेवंतानं तोंड उघडलं. आधी आवाजच आला नाही. मग एक चिरका, रागावलेला, पार बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असा टाहो. मी तिला अंगावर घेतलं. ती अशी ओढायला लागली की मला दुखलं, आणि मी तशीच रडत बसले. आण्णांनी तिचा श्वास बघितला, पुन्हा एकदा तोंडाचा वास घेतला, उठले आणि "भात पार गार झाला असंल" म्हणत निघून गेले.

आक्कांनी कोनाड्यातली बाटली घेतली, परसाच्या दारापाशी नेली. ओतणार म्हणून मी बघत होते. ओतली नाही. "पिराजीला देते. बैलाला लागंल," म्हणाल्या.  खैरुनबीनं स्वतःच्या हातानं केलेलं तेल होतं ते. जाताना तिनं बाजेखालचा सुकलेला डहाळा काढून ताजा ठेवला, मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्ये चालतंय न्हवं?"

"चालतं," मी म्हणाले.

"मग उद्यापास्नं आसंच. मी जे करीन ते मोठ्यांदा सांगून करीन. तू बी. आन ही म्हातारी बी."

"म्हातारी कुणाला म्हणतीस गं?" आतून आक्का.

दिवेलागणीला मी वही उघडली. आठच्या ओळीच्या वर जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं: पहाटे पाच, मी, दोन मासे. अक्षर बारीक आलं. त्याच्या खाली आणखी काही लिहायचं होतं, पण डोळे मिटत होते. शेवंता आक्कांच्या मांडीवर होती. मी उठायला लागले तर त्यांनी पायानंच मला दाबून बसवलं. "पड गप."

मी आडवी झाले. पण कान उघडेच होते, सवयीनं. चमच्याचा वाटीवर आवाज आला आणि माझं अंग ताठ झालं.

"सगुणा," आक्का मोठ्यांदा म्हणाल्या, शेजारच्या घरात जाईल इतक्या मोठ्यांदा. "साखरंचं पाणी देतीया. एक चमचा. नुसतं पाणी."

"ऐकलं," मी म्हणाले.

त्यांनी दुसरा चमचा दिला तेव्हाही त्या ओरडल्या असतील. ते मी ऐकलं नाही.